नास्तिकांच्या कॉयरचे बुधवार

७ सप्टेंबर, रविवार
लागलो! अमेरिकेतल्या या डुलुथ गावच्या ह्युमनिस्ट सोसायटीचा म्युझिक डायरेक्टर. सध्या टेम्पररी. २१ डिसेंबरचा थंडीचा प्रोग्राम झाला की बोर्ड ठरवणार, पर्मनंट करायचं की नारळ द्यायचा. फॉर्मॅलिटी आहे नुसती.
आमच्यात देव नाही, बाकी सगळं आहे. रविवारची सभा, कॉफी, कमिट्या. कमी होती ती संगीताची, म्हणजे माझी.
संकल्प : समोरच्या लुथरन चर्चच्या कॉयरला, म्हणजे गाणाऱ्या मंडळींना, डिसेंबरपर्यंत पाणी पाजायचं.
प्रॅक्टिस मंगळवारी असायची. आल्या आल्या बुधवार केला. नवीन माणूस आला हे कळायला पाहिजे.

१० सप्टेंबर, बुधवार
पहिली प्रॅक्टिस. अकरा जण, सगळे आजी-आजोबा. आर्डिसबाई ऑल्टो, म्हणजे बायकांतला खालचा आवाज गातात, पूर्वी शाळेत बायॉलॉजी शिकवायच्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, बाळा, जेवलास का? रिस्पेक्ट आहे म्हणायचा.
ऑर्विल म्हणून रिटायर्ड इंजिनियर आहे. बेस आवाज, एकदम विहिरीतून आल्यासारखा. तोच शब्द कमिटीचा चेअरमन. हो, शब्द कमिटी! कुठलंही गाणं आधी त्यांच्याकडून पास करून घ्यायचं, मग गायचं. देव, स्वर्ग, आत्मा असलं काही चुकून शिरायला नको.
सगळ्यांना माझी श्वासाची पद्धत शिकवली. मर्ल नावाच्या आजोबांना चक्कर आली. म्हणजे लागू पडतेय.

२४ सप्टेंबर, बुधवार
मी स्वतः गाणं लिहिलं. ‘तारे नाचती अनंत आकाशी.’ वाटलं, देव नाही, आत्मा नाही, पाच मिनिटांत पास.
ऑर्विल म्हणाला, तारे नाचत नाहीत. मी म्हटलं, अहो कविता आहे ती. तो म्हणाला, सगळे धर्म असेच सुरू होतात.
मग ‘अनंत’वर पाऊण तास. कोणी मोजलंय का, वगैरे. शेवटी मतदान. पास झालेली ओळ : ‘तारे फिरतात, उपलब्ध पुराव्यानुसार.’
चालीत बसत नाहीये. बसवीन.

८ ऑक्टोबर, बुधवार
सातच जण. आर्डिसबाईंचा गुडघा. ऑर्विलचा कुत्रा आजारी. वरच्या पट्टीतल्या दोघी सोप्रानो डेंटिस्टकडे. एकाच वेळी, संध्याकाळी सातला. डुलुथचे डेंटिस्ट काय मेहनती आहेत!

१२ ऑक्टोबर, रविवार
सभेत गाणं झालं. आमच्या रिवाजाप्रमाणे नंतर चर्चा. एक काका उठून म्हणाले, ‘फिरतात’ हे पृथ्वीवरून बघणाऱ्याचं मत झालं. दुसऱ्या एक बाई म्हणाल्या, मला पहिलं कडवं पटलं म्हणून मी तेवढंच ऐकलं.
पण कॉयर! काय सूर लागला! सोप्रानोपासून बेसपर्यंत चारही भाग एकदम घट्ट. बुधवारी फिरकत नाहीत आणि रविवारी असे गातात. याला एकच कारण, माझी श्वासाची पद्धत. इतकी पॉवरफुल, की गैरहजर राहूनसुद्धा लागू पडते.

५ नोव्हेंबर, बुधवार
चार जण. बर्फ पडतोय, चालायचंच. आर्डिसबाईंचा दुसरा गुडघा.
समोरच्या चर्चमध्ये काय आरडाओरडा! त्यांचीही प्रॅक्टिस बुधवारीच, सातलाच. काही मॅनर्स? त्यांचा बेस तर रस्ता ओलांडून आमच्या भिंती हलवत होता. असा बेस आमच्याकडे एकट्या ऑर्विलचा, आणि त्याच्या कुत्र्याला अजून उतार नाही. नशीब एकेकाचं.

९ नोव्हेंबर, रविवार
मास्टरस्ट्रोक! लुथरनांची ख्रिसमस मैफल २१ तारखेला, चार वाजता. आपला प्रोग्राम त्याच दिवशी आहेच, मी वेळही चारचीच ठेवली. बघू गर्दी कुणाकडे होते ते.
कॉयरला सांगितलं, तर ऑर्विलच्या हातातली कॉफी सांडली. धाकच बसला. आर्डिसबाई म्हणाल्या, राजा, सहाला ठेव की. नाहीतर शनिवारी. नाहीतर जानेवारीत. मी म्हटलं, घाबरू नका, मी आहे ना. तर म्हणतात, तीच तर काळजी आहे रे.
मिश्कील बाई.

३ डिसेंबर, बुधवार
मी आणि मर्ल. मर्लला कमी ऐकू येतं. तो म्हणाला, बाकीचे समोर गेले वाटतं? मी विचारलं, समोर म्हणजे? तर कानातलं मशीन काढून खिशात टाकलं, म्हणाला, बॅटरी गेली.
दोघांनी चार भाग गायले. वाईट नाही.

१० डिसेंबर, बुधवार
मर्लही नाही. समोरून आवाज मात्र जोरात. आवाजाची तक्रार करायची म्हणून तावातावाने रस्ता ओलांडला आणि चर्चचं दार उघडलं.
लाल झग्यांत माझा कॉयर.
आर्डिसबाई पहिल्या रांगेत, दोन्ही गुडघे ठणठणीत. डेंटिस्टवाल्या दोघी. मर्ल. आणि ऑर्विल डोळे मिटून देवाच्या पुत्राचा जयजयकार करत होता, मोकळ्या गळ्याने, एकही पुरावा न मागता.
गाणं संपल्यावर मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, आणि शब्द कमिटी? तो शांतपणे म्हणाला, हे खोटं आहे हे मला माहितीये, मग भांडायचं कशाला? आपलं गाणं खरं असतं असं आपण म्हणतो, म्हणून ते तपासावं लागतं.
आर्डिसबाई म्हणाल्या, बाळा, आम्ही वर्षानुवर्षं बुधवारी इथे आणि मंगळवारी तिथे गातोय. तू बुधवार केलास. मी म्हटलं, मग सांगायचं ना! तर म्हणाल्या, कसं सांगणार रे, तू इतका खूश होतास.
त्यांच्या डायरेक्टर टॉलेफसनबाईंनी मला बिस्किट दिलं. वर म्हणाल्या, तुमची माणसं फार तयारीची आहेत हं.
खाल्लं. चांगलं होतं.

१४ डिसेंबर, रविवार
प्रश्न सभेपुढे ठेवला. आमच्यात हुकूम चालत नाही, मतदान चालतं. मी सॉलिड भाषण केलं. तत्त्व, निष्ठा, स्वाभिमान वगैरे. टाळ्या पडल्या.
मग ऑर्विलने ठराव मांडला : २१ तारखेला आपला प्रोग्राम रद्द करून सगळ्या सोसायटीने समोर जावं. कारण, धर्मांचा तुलनात्मक अभ्यास. आमच्या लीडर म्युरिअलबाई एकदम म्हणाल्या, मला पुढची जागा चालेल.
एकमताने पास. म्हणजे माझाही हात वर होता. एकटं पडायला कसंतरी वाटतं.
पण बोर्डाला माझा मोठेपणा दिसला असणार. पर्मनंट नक्की.

२१ डिसेंबर, रविवार
चर्च गच्च भरलेलं, त्यात अर्धे आमचे नास्तिक. मी मागच्या बाकावर. चुका शोधायच्या असं ठरवून बसलो होतो. पहिलं गाणं संपेपर्यंत विसरलो. ऑर्विलने शेवटचा खालचा सूर लावला तेव्हा बाक थरथरलं. मीही जरा.
गाणी संपल्यावर चर्चा नाही. लोक नुसते बसून राहिले. असंही करता येतं.
बोर्डाने तिथेच, कोट घालता घालता निर्णय घेतला. रस्त्यापलीकडे इतकं चांगलं संगीत असताना आपल्याला वेगळा डायरेक्टर कशाला? पोस्ट बंद. आर्डिसबाईंनी अनुमोदन दिलं, रडत रडत. मग विचारलं, बाळा, जेवून जातोस ना?
मी सरळ टॉलेफसनबाईंना गाठलं. म्हटलं, मला घ्या कॉयरमध्ये. त्या म्हणाल्या, गा बरं एक ओळ. गायलो. श्वासाच्या पद्धतीसकट.
त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग म्हणाल्या, आमच्या ऑर्गनवाल्याला वाजवताना नोटेशनची पानं उलटून द्यायला कोणी नाहीये. बुधवारपासून या. फक्त गायचं नाही हं. गुणगुणायचंसुद्धा नाही.
हो म्हटलं.