नऊ नंबरची मोकळी जागा

मी, श्रीमती नंदा महिपत शिगवण, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त टंकलेखिका, राहणार सदनिका क्र. १०३, सोनचाफा सहकारी गृहनिर्माण संस्था, बाळकुम, ठाणे (पश्चिम), हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाविना, चष्मा लावून लिहून ठेवते.

माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचा दाखला डॉ. अमृता यांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. त्यांनी रक्तदाब बघितला आणि आजची तारीख विचारली. मी तारीख, वार आणि नाक्यावरून स्टेशनला जाणाऱ्या पुढच्या बसची वेळ सांगितली. बस त्या वेळेला आली नाही, पण तो दोष माझ्या बुद्धीचा नाही.

ठाण्याच्या कोर्टाजवळ एका वकिलांच्या कचेरीत मी एकतीस वर्षं मराठी टंकलेखन केलं. लोकांची मृत्युपत्रं इतकी टाइप केली की जीविताचा भरवसा नसल्याचं वाक्य बोटांतून आपोआप उतरतं. म्हणून ते इथे घालत नाही. भरवसा नसतो हे वाचणाऱ्याला ठाऊक असतंच, नाहीतर तो मृत्युपत्र कशाला वाचत बसेल?

१. वारस. माझे यजमान महिपत हे २०१२ साली वारले. मला एक मुलगा, विनीत, राहणार कासारवडवली, आणि एक मुलगी, रुचिता, राहणार टिटवाळा. याशिवाय कोणी हक्क सांगत आलं तर त्याला चहा द्यावा आणि परत पाठवावं.

२. कळव्याची खोली. लग्नानंतर आम्ही ज्या चाळीत राहिलो ती खोली अजून माझ्या नावावर आहे. ती रुचिताला द्यावी. बँकेतल्या ठेवी आणि माझं सोनंही तिलाच. हे मी तिला आधी विचारलं आहे. बाळकुमचं घर हवं का, असंही विचारलं होतं. ती म्हणाली, "आई, मला कळव्याचीच खोली दे. तिथून स्टेशन चालत सात मिनिटं आहे. तुझ्याकडे यायचं तर मला अर्धा दिवस लागतो." मुलगी माझी आहे, त्यात शंका नाही.

जावई प्रशांत यांनी मात्र गेल्या गणपतीत खाली माझ्या पार्किंगच्या जागेत टेप धरून लांबी-रुंदी घेतली. मी जिन्यात उभी होते आणि मला लांबचं उत्तम दिसतं. त्यांना मापं घेण्याची आवड असल्याने यजमानांची पोलादी टेप मी त्यांना देते.

३. वाहने. मृत्युपत्रात हा रकाना असतो, म्हणून लिहिते: नाही. कधीही नव्हतं. यजमानांची सायकल आहे, पण तिची चेन त्यांच्याआधी गेली.

गाडी न घेण्यामागे माझं काही तत्त्व नव्हतं. लोकांना तत्त्व सांगितलं की बरं वाटतं, म्हणून काही वर्षं मी प्रदूषण वगैरे बोलत असे. खरं असं की आधी ऐपत नव्हती, मग महिपत नव्हते आणि मग गरज राहिली नाही. २००४ साली इथे आलो तेव्हा समोर भातशेती होती आणि बिल्डरने घराबरोबर इमारतीखालच्या स्टिल्टमधली नऊ नंबरची जागा दिली. महिपतांना हौस होती. दर दसऱ्याला ते त्या रिकाम्या जागेत पाणी मारून झाडून घेत, सायकलला झेंडूचा हार घालत आणि म्हणत, पुढच्या दसऱ्याला इथे चारचाकी. असे आठ दसरे झाले.

गाडीशिवाय या भागात राहणं अवघड आहे का, असं मला पुष्कळ जणांनी गाडीत बसून विचारलं. अवघड नाही, अपमानाचं आहे. लग्नपत्रिकेवर प्रशस्त पार्किंगची सोय छापतात, बसस्टॉप कुठला ते छापत नाहीत. हॉल रस्त्याच्या पलीकडे दिसत असतो आणि तिथे पोचेपर्यंत अक्षता पडून गेलेल्या असतात. मोठ्या संकुलांच्या फाटकावर गाडीसाठी दांडा वर होतो आणि चालणाऱ्याने बाजूच्या फटीतून अंग चोरून जायचं. वर तिथल्या वहीत गाडी नंबर लिहायचा रकाना असतो. मी तिथे नेहमी 'पायी' असं लिहिते. विनीतच्या सासुरवाडीला पहिल्यांदा गेलो तेव्हाही लिहिलं. तेव्हा तो हळूच म्हणाला होता, की तिथे नुसती रेघ मारली तरी चालतं. मी रेघ मारली नाही.

४. किरकोळ चीजवस्तू. टंकयंत्र सूनबाई संचिता हिला शोकेसमध्ये ठेवायला हवं आहे. टंकयंत्र वापरायची वस्तू आहे, शोकेसची नव्हे. पण शाईची फीत आता मिळत नाही, तर ठेवावं. छत्र्या तीन, पैकी काळी चांगली. नऊ नंबरातल्या तीन प्लास्टिकच्या खुर्च्या वॉचमन साईनाथ यांना द्याव्यात, ते तसेही त्यांवरच बसतात. ज्यांनी ज्यांनी मला गाडीतून सोडलं त्या सर्वांची मी ऋणी आहे. मात्र "सोडतो ना काकू" म्हणणारा माणूस लगेच "तुमचं किती वाजता आवरेल" असं विचारतो, हेही नमूद करते. बस असं विचारत नाही.

५. नऊ नंबर. आता मुद्द्याचं. ही जागा माझ्या मालकीची नाही. ती संस्थेची आहे आणि मला फक्त वापराचं पत्र आहे, जे घराबरोबर पुढच्या माणसाकडे जाईल. तेव्हा कायद्याने मी ती कोणाला देऊ शकत नाही. तरी हे मृत्युपत्र जे लांबलं ते याच जागेमुळे.

महिपत गेले तेव्हा त्यांना खाली आणलं. इमारतीत गाड्या लागलेल्या नाहीत अशी एकच जागा होती. तिथे त्यांना ठेवलं, तिथेच तिरडी बांधली. पुढे चौथ्या मजल्यावरचे आजोबा गेले, त्यांनाही तिथेच ठेवलं. मग ती रीतच पडली. आमच्या इमारतीत माणूस गेलं की कोणीतरी माझ्या खुर्च्या उचलून भिंतीला लावतं, साईनाथ पाणी मारतो. मला विचारतही नाहीत, आणि विचारू नये असंच मला वाटे. एरवी मी आणि समोरच्या १०४ मधल्या केशरबाई तिथे बसून भाजी निवडत असू. तिथे दिवसभर सावली असते.

एकदा पावटे सोलता सोलता केशरबाई म्हणाल्या, "नंदा, माझी वेळ आली की मला इथंच ठेवा हं. मला ऊन सोसत नाही."

मी म्हटलं, तुम्ही आधी पावटे संपवा.

६. चूक. २०१९ च्या पाडव्याला विनीतने गाडी घेतली. तेव्हा तो माझ्याकडेच राहत होता. मी गाडीला ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि नऊ नंबरातल्या खुर्च्या स्वतःच्या हाताने उचलून जिन्याखाली नेल्या. मला अभिमान वाटला. महिपतांची जागा भरली असं वाटलं. केशरबाई पेढा घेऊन वर गेल्या.

मे महिन्यात विनीत कामासाठी विमानाने बंगळूरला गेला. दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, केशरबाई गेल्या. रविवार असल्याने सगळ्या गाड्या घरी होत्या आणि ज्यांच्या दोन होत्या त्यांच्या दुसऱ्या गाड्या वाटेत लागल्या होत्या. मी विनीतला फोन केला. तो म्हणाला, "आई, किल्ली माझ्या बॅगेत आहे गं. दुसरी गाडीतच राहिलीय, आतल्या कप्प्यात. मी काय करू सांग ना." त्याला काय सांगणार? बाकीच्यांनी एकमेकांच्या गाड्यांकडे बोट दाखवलं. जो तो दुसऱ्याची निघाली की आपली काढणार होता.

शेवटी केशरबाईंना फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला, विजेच्या डब्याशेजारी ठेवलं. अकरा वाजले होते. एका रिक्षावाल्याने हॉर्न दिला, मग पाण्याच्या टँकरने दिला. त्यांच्या मुलीने पदर धरून त्यांच्या तोंडावर सावली केली, ती पाऊण तास तशीच उभी होती. मी पलीकडच्या बाजूने काळी छत्री धरली. एका छत्रीत एक माणूस मावतं, पाय उन्हातच राहिले.

विनीत परत आला तेव्हा मी दारातच त्याला म्हटलं, "गाडी काढ तिथून. परत आणू नकोस." त्याने गाडी काढली आणि तीन महिन्यांनी बिऱ्हाडही काढलं. तिकडे त्याला दोन गाड्यांची जागा आहे. तो दिवाळीला येतो, औषधं पाठवतो, फोन करतो. आम्ही त्या रविवारबद्दल कधी बोललो नाही.

मी पुष्कळांची मृत्युपत्रं टाइप केली आहेत आणि त्यांत लोक दुसऱ्यांचे अपराध फार तपशिलाने लिहितात. म्हणून हे स्पष्ट लिहिते: विनीतचा अपराध इतकाच की तो नोकरीच्या कामाला गेला आणि किल्ली बरोबर नेली. जागा मी दिली होती. खुर्च्या मी उचलल्या होत्या. केशरबाईंचा शब्द मला ठाऊक होता, त्याला नव्हता. मला माझा स्वतःचा राग आला होता आणि तो मी त्याच्यावर काढला. हे मी त्याला सहा वर्षांत तोंडाने सांगू शकले नाही.

७. सेक्रेटरी. संस्थेचे सेक्रेटरी श्री. मयूर गुरव यांच्याशी माझं वैर होतं. त्यांनी मला नऊ नंबरबाबत चार नोटिसा पाठवल्या आणि एका वार्षिक सभेत सर्वांसमोर विचारलं, "काकू, गाडीच नाही तर जागा हवी कशाला?" मी म्हटलं, "तुमच्याकडे कधी वेळ नसतो, तरी तुम्ही घड्याळ घालताच ना." सभेत हशा पिकला आणि पाचवी नोटीस आली.

यंदाच्या फेब्रुवारीत त्यांचे वडील रामाकाका गेले. सकाळी सहाला मयूर माझ्या दारात येऊन उभे राहिले. मी म्हटलं, "जागा मोकळी आहे. झाडून ठेवलीय." त्यानंतर नोटीस आली नाही. हे वैर मी इथे संपवते. नोटिसांची फाइल रद्दीत द्यावी.

त्या सकाळी मी बायकांत बसले होते. तिरडी उचलताना पुढच्या डाव्या खांद्याला विनीत दिसला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं, सोसायटीच्या ग्रुपवर त्याचा नंबर अजून आहे तेवढंच. स्मशानातून परतल्यावर तो खालूनच म्हणाला, "येतो गं." मी म्हटलं, "ये." पण त्याची गाडी मला कुठे दिसली नव्हती. दुपारी मी साईनाथला विचारलं. तो म्हणाला, "दादा बसनी आले ना, काकू. कापूरबावडीला उतरून चालत आलेले. बोलले, आज गाडी नको."

मी फाटकावरची वही मागून घेतली. विनीतचं अक्षर मी ओळखते, ते मी गिरवून घेतलं आहे. नाव, वेळ, कोणाकडे, सगळं भरलेलं होतं. गाडी नंबरच्या रकान्यात त्याने रेघ मारली नव्हती. तिथे लिहिलं होतं, 'पायी'.

मी वही परत दिली आणि खुर्चीवर थोडा वेळ बसले.

८. घर आणि शेवटची सूचना. सदनिका क्र. १०३ मी विनीतला पूर्ण देते. अर्धं अर्धं लिहिलं की घर विकलं जातं, हे मी शेकडो वेळा टाइप केलं आहे. नऊ नंबर मोकळा ठेवावा अशी अट घालता येईल का, असं मी जुन्या कचेरीत विचारून आले. ते म्हणाले, घाला, पण टिकायची नाही. मग मी अट घातली नाही. घर त्याचं आहे, गाडी त्याची आहे आणि माणसं कधी जातात ते त्याला माझ्याइतकंच माहीत आहे. तो ठरवील.

माझ्या बाबतीत मात्र सांगणं आहे. मला नऊ नंबरात ठेवावं. शववाहिनी बोलावू नये, स्मशान चालत पंधरा मिनिटांवर आहे आणि माझं वजन फार नाही. पुढचा डावा खांदा विनीतचा. त्याने त्या दिवशी गाडी घरी ठेवावी आणि बसने यावं. घोडबंदर रोडला बस अडकणारच. लोक घाई करतील, उशीर होतो म्हणतील, त्याला कोणीतरी स्कूटरवरून आणायला निघेल. जाऊ देऊ नये. मी आयुष्यभर स्टॉपवर उभी राहिलेली बाई आहे. नऊ नंबरात सावली आहे. तो येईपर्यंत मी थांबेन.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं. याआधी लिहिलेलं मृत्युपत्र, ज्यात घर रुचिताच्या नावे होतं आणि विनीतला फक्त छत्री होती, ते रद्द समजावं. काळी छत्री तरीही त्यालाच द्यावी.

ठिकाण: बाळकुम, ठाणे
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५, रविवार

(सही) नंदा महिपत शिगवण

आम्हा दोघांसमक्ष सौ. नव्हे, श्रीमती शिगवण यांनी सही केली व आम्ही त्यांच्यासमक्ष केली. आम्हाला या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही, ही खात्री त्यांनी आमच्याकडून दोनदा करून घेतली.

साक्षीदार:
१. (सही) डॉ. अमृता वैद्य, बाळकुम नाका
२. (सही) सिद्धेश तरे, सदनिका क्र. २०२, सोनचाफा. वाहन: एक. सहीसाठी खाली आलो तो पायी.