कीथची राहून गेलेली सही

मी, विनिफ्रेड हॅलोरन, वय चौऱ्याहत्तर, लोकरीची प्रतवारी करून निवृत्त झालेली, राहणार वॅलाबन, न्यू साउथ वेल्स. गुडघे गेले, डोके शाबूत आहे. राग आहे, पण रागाने शुद्ध हरपलेली नाही. डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून लिहिलेले नाही. आधीचे रद्द समजावे.

१. बँकेतली शिल्लक आणि गाडी माझी भाची मॉरीन हिला. ती विचारपूस करते आणि उपकार दाखवत नाही. या मृत्युपत्राची व्यवस्थापकही तीच.

२. आमच्या आकाशदर्शन मंडळाचा अध्यक्ष लेस्टर गॅफनी याला माझ्या अंगणातला पांढरा दिवा. बाकीचे अंधाराला डोळे सरावून बसलेले असताना गाडीचे दिवे लावून येणाऱ्याला दुसरे काय द्यायचे?

३. दुर्बीण. तिचा बारा इंची आरसा मी दोन हिवाळे स्वयंपाकघरात हाताने घासला. त्यातून अकरा वर्षांपूर्वी टुकाना तारकासमूहातली एक दीर्घिका पाहिली. कडेवरून दिसणारी, अतिशय अंधूक, मध्ये फुगवटा म्हणून नाही. रोखून बघितले की नाहीशी होते, नजर जरा बाजूला नेली की येते. मंडळाचा नियम असा, की दोघांनी एकमेकांकडे पाठ करून चित्रे काढायची. जुळली आणि दोघांच्या सह्या झाल्या तरच वहीत नोंद. दुसरा माझा धाकटा भाऊ कीथ होता. "ताई, नुसतं दाभण आहे गं! पोटच नाही याला!" असे तोच ओरडला. चित्रे जुळली, टोकाजवळच्या ताऱ्यासकट. थंडीने बोटे आखडलीत, सही बैठकीत करतो, म्हणाला.

बैठकीत लेस्टर म्हणाला, "बारा इंचात ही दिसत नसते, विनी. फोटोवरून उतरवलीस, कबूल कर की!" मी कीथकडे पाहिले. तो चहाच्या कपात बघत म्हणाला, "मला नक्की नाही सांगता येणार बुवा." त्याला उपाध्यक्ष व्हायचे होते. झाला. वहीत माझ्या नावापुढे 'अमान्य' लिहिले, ते आजही तसेच आहे. चारचौघांत मला खोटारडी ठरवले आणि सख्खा भाऊ बिस्किटे खात बसला!

४. घर. कीथ गेल्या नाताळात येऊन खिडक्यांची मापे घेऊन गेला आहे. घर त्यालाच मिळेल, पण एका अटीवर. त्याचे ते चित्र बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आहे. माझ्या मृत्यूनंतर वर्षभरात त्याने बैठकीत लेस्टरसमोर उभे राहून "मी पाहिली होती" एवढे म्हणावे, चित्रावर सही करावी आणि 'अमान्य' खोडून घ्यावे. न केल्यास घर गावच्या वणवा विझवणाऱ्या स्वयंसेवकांना जावे.

आठवत नाही, ही सबब चालणार नाही. म्हणून दुर्बीणही बिनशर्त त्यालाच. अर्धा तास अंधारात बसावे आणि नजर बाजूला ठेवावी. जड जाऊ नये, अकरा वर्षे माझ्याकडे तसाच बघतो आहे.

स्थळ: वॅलाबन
दिनांक: १४ जुलै २०२३, ऐन हिवाळा
सही: विनिफ्रेड हॅलोरन

साक्षीदार:
१. एन्रिको बसानी, बेकरीवाले
२. डॉरोथी क्लूज, शेजारीण

दोघेही मंडळाबाहेरचे. दोघांनी माझ्यासमोर, जागच्या जागी सही केली. थंडी आजही होती.