वजाचं बटण

आई, गेल्या आठवड्यात मलाही कानाचं मशीन बसवलं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "माझ्या बहिरेपणावर वैतागत हुतीस न्हवं? भोग आता." दवाखाना कोल्हापुरात. तिथल्या पोरीनं माझ्याजवळ राहणाऱ्या भाचीच्या मोबाईलमध्ये काहीतरी घालून दिलं आणि म्हणाली, "आवाज कमी-जास्त करायचा तर यातून करा. नाहीच जमलं तर मी इथं बसून तुमच्या हुपरीतलं मशीन नीट करीन, हेलपाटा नको." भाची खूश झाली. मला मात्र तुझ्या मशीनचा तो काड्यापेटीएवढा रिमोट आठवला, आणि तो कुणाकडे असायचा तेही आठवलं.

तुला ऐकू येईनासं झालंय हे सगळ्यांत आधी घुंगरांनी सांगितलं होतं. पैंजणांचे जोड शेवटच्या तपासणीला आपल्याकडे यायचे. झाळून जोडताना वितळलेली चांदी घुंगरात उतरली की आतला खडा अडकतो आणि घुंगरू मुकं होतं. ते डोळ्याला कळत नाही, कानालाच कळतं. तू पैंजण कानाशी धरून हलवायचीस आणि एवढ्या घुंगरांतलं नेमकं मुकं बोटानं दाखवायचीस. अख्ख्या गल्लीत ते तुलाच जमायचं, आणि तुला त्याचा काय तोरा होता! मग कान गेले, काम गेलं, आणि दोन वर्षं तू भिंतीला पाठ लावून बसलीस. शेवटी माझ्या शाळेच्या पगारातून मशीन घेतलं. येताना एसटीत तू ओरडलीस, "ह्यो ड्रायव्हर एवढा हॉर्न का बडवतोय?" सगळी गाडी हसली. घरी आल्यावर पाय न धुता तू खुंटीवरचा पैंजण काढतेस, कानाशी हलवतेस, म्हणतेस, "हे हितलं. मुकं हाय." आणि पदरानं डोळे पुसत तशीच बसतेस. रिमोट माझ्या हातात देऊन तू म्हणालीस, "बटणं तूच सांभाळ. चांदीकामात भाजलेल्या माझ्या बोटांना कळायची न्हाईत."

कान आले, काम आलं, तशी तुझी जीभही परत आली. माझी भाकरी, माझी चाल, माझा फोन, सगळ्यावर शेरा. त्या शनिवारी सकाळची शाळा होती, मी दुपारी घरी होते. तू लग्नसराईचे जोड पुढ्यात घेऊन बसलेली, शेजारची काकू गप्पा मारायला आलेली. मी चुलीपाशी. तू काकूला ठणठणीत आवाजात सांगतेस, "हिचा आवाज फुटक्या घागरीगत. बोलली की बघाय आल्यालं पावणं चहा टाकून पळायचं. म्हणून तर ऱ्हायली अशी." काकू हसली. माझ्या अंगाची आग झाली गं. पिठाच्या हातानं गाऊनच्या खिशातला रिमोट चाचपला आणि वजाचं बटण दाबत गेले, पार तळापर्यंत. प्रत्येक दाबाला तुझ्या कानात टिक वाजायचं. "काय वाजलं गं कानात?" तू विचारलंस. "काय न्हाई," मी म्हटलं. तू मान झटकलीस आणि पैंजण उचललास. कानाशी धरलास, हलवलास, परत हलवलास. काकूसमोर कबूल कसं करायचं, म्हणून तू नुसते जोड तपासलेल्या ढिगात सारत राहिलीस. मी ते बघत होते. बघितलं आणि भाकरी उलटली. संध्याकाळी व्यापाऱ्याचा माणूस जोडांचं पाकीट घेऊन गेला.

तीन दिवसांनी व्यापारी स्वतः आला. भला माणूस होता, उंबऱ्यातच उभा राहिला. "मावशी, निम्मं जोड मुकं निघालं की. नवरीनं पायात घातलं आन् वाजंनात. गिऱ्हाइकासमोर मान खाली गेली माझी. आता जरा ऱ्हाऊ द्या." तोवर तुझं मशीन झक्क चालत होतं. रात्री सेल काढून सकाळी घातला की आवाज आपोआप मूळ जागी यायचा. म्हणजे त्याचा शब्द न् शब्द तुला ऐकू आला. तू एवढंच म्हणालीस, "व्हय, चूक माझीच." तो गेल्यावर मशीन काढलंस, रुमालात गुंडाळलंस आणि फडताळातल्या डब्यात टाकलंस. मी म्हटलं, "घाल की गं, चांगलं चालतंय." ते तू माझ्या ओठांवरून वाचलंस. "आज चालतंय. त्या दिशी कुठं चालत हुतं? असल्या कानाच्या भरवशावर कुणाची चांदी हातात घिऊ?" सांगायचं ते अगदी जिभेवर आलं होतं. मी खुणेनं जेवायला बस म्हणाले.

त्यानंतर चार वर्षं जगलीस, तीही लोकांची तोंडं बघत. काकू यायची थांबली; बहिरीशी काय बोलणार? बहिऱ्या माणसाला काही सांगायचं तर ओरडून सांगावं लागतं, गल्लीला ऐकू जाईल, असं मी स्वतःला समजावत आले. खोटंच ते. डब्यातलं मशीन तुझ्या कानात घालून हळू आवाजात सांगता आलं असतं. तू एक दिवस शिव्या दिल्या असत्यास आणि दुसऱ्या दिवशी पैंजण कानाला लावला असतास. आता तू ज्या कानांना नावं ठेवत गेलीस ते कान ठीक होते, हे मी कुणाला सांगू? काल भाची मोबाईलवर हसत बोलत होती, मी मध्येच तिला कशावरून तरी टोकलं. माझ्या कानात टिक वाजलं, मग परत टिक. पंखासुद्धा ऐकू येईना. मी तिला काही विचारलं नाही.

हे लिहून त्याच डब्यात ठेवणार आहे, रुमालाखाली. तुझ्या शिव्यांना मी भीत नव्हते, आई. तू मशीन काढून ठेवल्यावर घर शांत झालं होतं, आणि मला ते आवडलं होतं.