तुदाला कळतील अशा खुणा

मिदेल्त, २ डिसेंबर १९९६

प्रिय मारेन,

तुझं कार्ड मिळालं. समुद्राचं चित्र तुझ्या इत्तोकाकूने भिंतीवर लावलंय. तुमच्याकडचा समुद्र इतका करडा असतो हे बघून ती म्हणाली, "म्हणूनच पोरगी आपल्याकडे ऊन खायला आली होती." हे पत्र मी बोलतोय आणि आपल्या शाळेतले ऊशन मास्तर ते फ्रेंचमध्ये लिहून घेतायत. मी त्यांना बजावलंय, मास्तर, मी बोलतो तसंच लिहा, शहाणपण करू नका. ते हसले, म्हणजे थोडंफार करणारच. तेव्हा कुठे फार चांगली भाषा आली तर ती माझी नाही असं समज.

गावाची खबर सांगतो. तुम्ही सहा जणांनी खणलेला पाट अजून वाहतोय. वळणापाशी भिंत वाकडी झालीये तिथे पाणी जरा बाहेर सांडतं, आणि तिथेच आता बायका गोधड्या धुतात. तो उंच मुलगा उन्हात चक्कर येऊन पडला होता ती जागा अजून लोक दाखवतात. तुम्ही आलात तेव्हा मीच चहाच्या टपरीवर म्हणालो होतो, "यांच्या देशात खणायला जमीन उरली नाही की काय?" सगळे हसले होते. दोन महिन्यांनी पाच जण गेले आणि तू एकटी बालवाडीसाठी थांबलीस, तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. सफरचंदं यंदा बरी झाली. रस्त्यावर घाटात पहिला बर्फ पडलाय, गाडी दोनदा अडकली. माझी जुनी मर्सिडीज टॅक्सी आता माझ्यापेक्षा जास्त खोकते.

आमच्या पोरीबद्दल, तुदाबद्दल, तू कार्डावर तीन वेळा विचारलंयस. सांगतो. पण मला ते मागपासून सांगत यावं लागेल, एकदम तोंडातून निघत नाही.

तुला आठवतं का, तू तिला पहिल्यांदा पाहिलंस ते? आमच्या भाकरीच्या भट्टीच्या मागे बसली होती, सात वर्षांची. गावात तिला कुणी नावाने हाक मारत नसे. हाक मारून उपयोग काय, ऐकूच येत नाही म्हटल्यावर? हवं ते ओढून घ्यायची, नको ते ढकलायची, अडलं की जमिनीवर डोकं आपटायची. तू म्हणालीस, माझा धाकटा भाऊ असाच आहे, जन्मापासून, आणि तो घरात सगळ्यांपेक्षा जास्त बोलतो. आम्हाला वाटलं ही थट्टा करतेय. मग तू तिच्याशी हातांनी बोलायला लागलीस, आणि तिसऱ्या की चौथ्या दिवशी तुदा धावत चुलीपाशी आली आणि इत्तोसमोर उभी राहून हाताने भाकरी कापल्यासारखी खूण केली. ओढलं नाही, रडली नाही. मागितली. इत्तोच्या हातातली परात खाली पडली. त्या संध्याकाळी आमच्या घरात भाकरी आठ वेळा मागितली गेली आणि आठही वेळा दिली गेली.

पुढे अकरा महिने ती पोर तुझ्या परकराला चिकटून होती. आभाळाला खूण, बकरीला खूण, खोटं बोलणाऱ्या माणसालाही खूण. तुझं नाव म्हणजे गालावर बोट टेकवून फिरवायचं, तुला तिथे खळी पडते म्हणून. इत्तोने कामापुरते हात शिकून घेतले. पाणी, झोप, दुखतं, ये, जा, नको. आणि मी? टपरीवर लोक म्हणायचे, "बासू, तुझ्या पोरीला माश्या हाकलायची नोकरी लागली वाटतं!" मला ते झोंबायचं. एकदा मी तुला म्हणालोही, पोरी, चारचौघांत तिचे हात जरा आवर. तू काय म्हणालीस ते विसरलो नाही. "काका, तुमच्या टॅक्सीत सहा जण एकदम ओरडतात, त्यांना आवरता का कधी?" तू रोज चहानंतर म्हणायचीस, बसा, आज दहाच खुणा. मी म्हणायचो, उद्या. "काका, तुमचा उद्या कोणत्या महिन्यात येतो?" मी हसायचो. दिवसभर गाडी चालवून हात दुखतात असं सांगायचो. खरं तर मला लाज वाटायची, आणि त्याहून जास्त भीती. समजा मी विचारायला शिकलो, आणि तिने मला काही विचारलं, तर?

जूनमध्ये तू गेलीस. जाताना मेकनेसच्या बहिऱ्या मुलांच्या शाळेचा पत्ता माझ्या खिशात घातलास आणि म्हणालीस, काका, ऑक्टोबरात तिला तिथे नक्की घाला, नाहीतर ती पुन्हा भट्टीच्या मागे जाऊन बसेल. तू बसजवळ तिच्याशी हातांनी बराच वेळ बोललीस. ती मान हलवत होती. काय बोललीस ते आम्हा कुणालाच कळलं नाही. उन्हाळाभर घरात तिच्याशी बोलायला कुणी नव्हतं. ती बकऱ्यांशी बोलायची. एकदा पाहिलं, पाटाच्या पाण्यासमोर बसून एकटीच भराभर हात हलवत होती, मधेच थांबायची, उत्तर ऐकल्यासारखी, आणि परत सुरू. इत्तो म्हणाली, "आपल्या घरात एक माणूस परदेशात राहतंय."

ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी मी तिला घेऊन निघालो. इत्तोने तिला नवा स्वेटर घातला, वेणी घातली. तुदा इतकी खुशीत होती की इत्तोला बरं वाटलं, म्हणाली, बघ, शाळेचं तिला कळलंय. पोरीने रुमालात अक्रोड बांधून घेतले होते, एकेक निवडून. गाडीत माझ्याबरोबर सहा उतारू होते. लोकर विकायला निघालेली एक म्हातारी तुदाच्या शेजारी होती. तुदा सारखी माझा खांदा हलवायची, गालावर बोट फिरवायची, पुढच्या रस्त्याकडे दाखवायची आणि भुवया उंचावून माझ्याकडे बघायची. म्हातारी म्हणाली, "काय म्हणतेय रे पोर?" मी म्हणालो, "म्हणतेय, फिरायला निघालोय." "मग हो म्हण की बाबा, केव्हाची विचारतेय!" आणि मी मान हलवली. हो. तुदा हसली. म्हातारीच्या मांडीवर डोकं ठेवून तिच्याकडे बघून हातांनी काहीतरी लांबलचक सांगत राहिली. म्हातारीही मोठ्या गंभीरपणे मान डोलवत होती. असे सगळेच त्या गाडीत तिला हो हो म्हणत गेलो.

अझरूला उतारू उतरले, माझ्या टॅक्सीचा परवाना तिथवरच, म्हणून तिथून पुढे आम्ही दोघं बसने गेलो. शाळा चांगली आहे, मारेन. अंगण आहे, चाळीसेक मुलं आहेत, एका खोलीत सहा खाटा. तौफीक सर म्हणून शिक्षक आहेत, ते स्वतः बहिरे नाहीत पण त्यांचे आईवडील दोघंही होते. तुदा आत शिरली ती सरळ धावतच. पहिली खोली उघडली, बघितलं, दुसरी, मग स्वयंपाकघर, मग मुलांच्या संडासापर्यंत. रुमाल छातीशी धरलेला. सगळी दारं संपल्यावर माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि गालावर बोट फिरवलं. नुसतं एकदा.

मी तौफीक सरांना म्हणालो, तुम्ही सांगा तिला. ते तिच्यासमोर गुडघ्यावर बसले आणि हातांनी बोलायला लागले. ती बघत राहिली. मग तिने उत्तर दिलं. ते बघत राहिले. दोघांनी आणखी एकदा करून पाहिलं. मग ते उठले आणि मला म्हणाले, "हिला भाषा येते. छान येते. पण ही आपल्याकडची भाषा नाही. ही कुठून आणलीत?" मी म्हणालो, एक डेन्मार्कची मुलगी होती. ते म्हणाले, "तिकडची आहे होय! आपल्याकडचे हात वेगळे." मला ठाऊकच नव्हतं गं! मला वाटायचं हात म्हणजे हात, जगात सगळीकडे सारखेच असतील. तुला तरी ठाऊक होतं का? असेलही. तू घरात भावाशी जे बोलायचीस तेच तिला दिलंस. तुझ्याकडे जे होतं ते दिलंस, दुसरं कुठून आणणार होतीस? पण त्या दिवशी मला कळलं की माझी मुलगी जी भाषा बोलते ती या आख्ख्या मुलखात एकाही माणसाला येत नाही. तौफीक सर जरा कडूपणाने म्हणाले, "परदेशी पोरं येतात. मनाची चांगली असतात. दिवा लावतात आणि जातात, तेल कुणी घालायचं ते सांगत नाहीत." मला राग आला. त्यांचा आला, तुझा आला, आणि मग घरी येताना सगळा राग फिरून माझ्याकडेच आला. तेल घालायला तू रोज चहानंतर मला बोलवत होतीस.

शाळेचा नियम असा की पहिले तीन महिने मुलाला घरी न्यायचं नाही, रुळू द्यायचं. रविवारी भेटता येतं. पहिल्या रविवारी गेलो. तौफीक सर म्हणाले, जेवते, झोपते, पण मुलांचे हात धरून त्यांना सुधारते. "तिचं म्हणणं, आमची सगळी पोरं चुकीचं बोलतात." मला हसू आलं, खूप दिवसांनी. मुलं तिच्या खुणांना हसतात, पण मुलांचं काय, महिन्या-दोन महिन्यांत तुदा त्यांचे हात शिकेल म्हणाले, फक्त तिची शिकायची इच्छा हवी. मग तुदाला बाहेर आणलं. तिने मला पाहिलं, माझ्यासमोर बाकावर बसली आणि डोळे मिटून घेतले. झोपेचे नव्हेत. घट्ट, सुरकुत्या पडेपर्यंत. मी खांद्याला हात लावला, हनुवटी उचलली, तिच्यासमोर केळी धरली. तासभर बसलो. बहिऱ्या मुलाने डोळे मिटले की त्याच्यापर्यंत जायला वाट उरत नाही, मारेन. हाकही मारता येत नाही.

तेव्हापासून आठ रविवार झाले. दोनदा बर्फाने रस्ता बंद होता, बाकी सहा वेळा गेलो. सहाही वेळा तेच. मागच्या वेळी इत्तोला नेलं. तुदा आईच्या मांडीवर चढून बसली, डोळे मिटलेलेच, आणि तिने इत्तोचे दोन्ही हात आपल्या हातांत घट्ट धरून ठेवले, म्हणजे इत्तोला काही बोलताच येऊ नये. परतताना, अझरूहून गाडी काढल्यावर, इत्तो म्हणाली, "तू तिला काय केलंस?" मी म्हणालो, काही नाही, शाळेत घातलं. "मग ती तुझ्यावर अशी का रुसलीये?" मी गाडीचं इंजिन बिघडल्यासारखं करून खाली उतरलो.

मास्तरांनी आत्ता पेन खाली ठेवलंय. म्हणतायत, "बासू, पुढचं लिहायचंच का?" लिहा म्हटलं. वर मी असं भासवलं की गाडीत ती काय विचारतेय ते मला कळत नव्हतं. म्हातारी असेपर्यंत ते खरं होतं, असं म्हणू. पण अझरूच्या स्टँडवर, बसमध्ये चढायच्या आधी, तुदाने मला अडवलं. गालावर बोट फिरवलं, मेकनेसच्या बसकडे दाखवलं, मग अक्रोडांचा रुमाल उघडून त्यातला एक माझ्या हातावर ठेवला आणि बाकीचे परत बांधून पुन्हा गालावर बोट. एवढं तर आंधळ्यालाही कळेल. एक बाबांना, बाकीचे मारेनला. मला कळलं, पोरी. लख्ख कळलं. नाही म्हटलं असतं तर ती बसमध्ये चढली नसती, आणि समजावून सांगायला माझ्याकडे एक शब्द नव्हता. मी तिच्या डोळ्यांत बघून मान हलवली. हो, मारेनकडे. अक्रोड तिथेच फोडून खाल्ला.

म्हणून हे पत्र. फोन नको करूस, तिला फोनचा काय उपयोग! एका मोठ्या कागदावर हातांची चित्रं काढ, तू बालवाडीच्या फळ्यावर काढायचीस तशी. तिच्यासाठी काढ. तौफीक सर तो कागद तिला देतील, त्यांच्यासमोर ती डोळे मिटत नाही. त्यात सांग की तू त्या शाळेत नाहीस आणि येणारही नाहीस. बसजवळ तू तिला परत येईन असं सांगितलं असशील तर तेही आता खोडून टाक. मी रागावणार नाही, मीही तेच केलं असतं. शाळेतल्या मुलांचे हात चुकीचे नाहीत, ते शिक, असं सांग, ते तुझंच ऐकेल ती. आणि बापाने खोटं सांगितलं हे स्पष्ट लिही, त्याला काही मुलामा देऊ नकोस. त्याला माफ कर असं मात्र लिहू नकोस. ते मला मागायचंय. दुसऱ्या एका छोट्या कागदावर माझ्यासाठी एवढीच खूण काढून पाठव, मी चुकलो, हे हातांनी कसं म्हणतात. तुझ्याकडच्या हातांनी कसं ते पाठव, तिला तेच कळतात. तौफीक सरांना विचारलं असतं, पण त्यांचे हात तिला अजून परके आहेत. बोटं कुठे, तळवा कुठे, नीट दाखव, माझे हात स्टिअरिंगला धरून धरून जड झालेत, वेळ लागेल. ती कुठल्या रविवारी डोळे उघडेल ते काही माझ्या हातात नाही. पण उघडले, तर पुन्हा मिटायच्या आत मला ते म्हणता आलं पाहिजे.

तुझ्या वाटेकडे नव्हे, तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेला,
तुझाच,
बासूकाका