नमुना क्रमांक एक

१६ नोव्हेंबर, मुरुड

संपली दिवाळी! उद्या परत नांदेड. पीएचडीचं काम मात्र घरातूनच सुरू केलं – बुरशीचा पहिला नमुना आईचा. कमरेवर, जिथं साडी खोचते तिथं, दोन वर्षांचं गजकर्ण. पातीनं कोंडा खरवडला, कागदाच्या पुडीत घातला, वर लिहिलं – एक. आई हसली. "एवढ्यासाठी इतकं शिकलीस व्हय गं वर्षा?" दुकानातली ट्यूब लावू नकोस, आधी बरं वाटतं आणि मग दुप्पट पसरतं, असं बजावलं. दवाखान्यात न्यायचं होतं. या खेपेला जमलं नाही.

किनवटच्या मुलींच्या वसतिगृहात थंडी फार, असं मी सहज बोलले होते. तर आईनं आपल्या जुन्या साड्यांच्या आठ वाकळी शिवून ठेवल्यात! आणि प्रत्येक वाकळ एकेक रात्र स्वतः पांघरली. नवं पांघरूण आधी शिवणारीनं अंगावर घ्यायचं, मग दुसऱ्याला द्यायचं – आमच्या घरची रीत. त्याशिवाय त्याला ऊब येत नाही म्हणे.

२ डिसेंबर, किनवट

साठ मुली तपासल्या. एकीलाही काही नाही! वाकळींवर नुसती झुंबड उडाली. वसतिगृह सांभाळणाऱ्या सिंधुबाई म्हणाल्या, "मॅडम, असं कोण करतं आजकाल?" मी लाजले वगैरे. खरं तर आवडलं.

२३ जानेवारी, किनवट

एकवीस मुलींना गजकर्ण! मांड्या, कंबर, एकीच्या तर गालावर. सिंधुबाई घाबरल्यात. "आधी नव्हतं हो, कुणी आणलं हे?" मी सगळ्यांचे नमुने घेतले, यादी पाहिली. बुद्धप्रिया – आठवीतली, आई आजारी म्हणून दिवाळीनंतर महिनाभर उशिरा आलेली. तिचेच चट्टे सगळ्यांत मोठे. म्हटलं, "हिच्यापासूनच सुरू झालेलं दिसतंय."

मुलगी समोरच उभी होती. बाह्या ओढून घेतल्या तिनं.

२७ जानेवारी

बुद्धप्रियाला घरी पाठवलं. सिंधुबाईंचा फोन – "बाप आला होता, रविकांत. पेटी उचलली अन् गेला." पुढच्या महिन्यात तिची शिष्यवृत्तीची परीक्षा होती. तिला घरी पाठवा, असं मी म्हटलं नव्हतं. पाठवू नका, असंही म्हटलं नाही.

१८ फेब्रुवारी

आज ती परीक्षा झाली. बुद्धप्रियाशिवाय.

आईचा फोन आला होता. "लई खाजून राहिलं गं." मी नमुने लावत होते. नंतर बोलते म्हटलं. राहिलंच.

१४ मार्च, नांदेड

जनुकांचे निकाल आले. नमुने नांदेडचे, जळकोटचे, मुरुडचे, किनवटचे – बुरशीची जात एकच. पण गावोगावी तिच्या जनुकांत बारीकसारीक फरक पडलेत, आणि त्यावरून कोण कुणाच्या जवळचं ते कळतं. किनवटच्या एकवीसही मुलींची बुरशी एका ओळीत बसली. शेजारी कोण? नमुना क्रमांक एक! नेहमीच्या गोळीला दाद न देणारा तोच बदल, जसाच्या तसा.

माझे गाईड पंचाक्षरी सर म्हणाले, "मुरुड कुठं, किनवट कुठं. मधल्या एकाही गावात ही ओळ नाही. मग काय रेल्वेत बसून गेली? नमुने मिसळले असतील तुझ्याकडून."

देवा, तसंच असू दे.

२१ मार्च

सगळं पुन्हा लावलं. मिसळले नाहीत. बुद्धप्रियानं काही आणलं नव्हतं. मी मात्र एका वाक्यात तिचं वर्ष घालवलं. विज्ञान शिकलेली बाई मी! पुरावा नसताना बोलू नये, हे पोरांना शिकवत फिरते.

२४ मार्च

बुद्धप्रियाच्या गावी गेले, माफी मागायला. तिची आई नागुबाई दारात आल्या. ओरडतील वाटलं होतं. "या, बसा" म्हणाल्या आणि बाजेवर वाकळ अंथरली. हिरवी इरकल, लाल काठ. आईची साडी. मी चौथीत असताना घेतलेली.

बुद्धप्रिया म्हणाली, "मी उशिरा आले तवा सिंधुबाईंनी मागं ठेवलेली ही एकच उरली होती ताई. घरी येताना त्यांनीच दिली, आता कुणी घेणार न्हाई म्हणून. लई ऊब हाय हिला. आम्ही तिघी बहिणी हीच पांघरतो."

धाकट्या दोघींचे हात पाहिले. दोघींनाही आहे.

बसवेना. उभ्यानंच सगळं सांगितलं – वाकळ माझ्या आईनं पांघरलेली, रोग माझ्या घरचा, नाव हिचं घेतलं ते मी. औषधाचं मी बघते, सिंधुबाईंशीही बोलते, म्हटलं. परीक्षेचं काय बघणार होते? रविकांत कोपऱ्यात होते. त्यांनी वाकळीची घडी केली आणि बाहेर नेऊन ठेवली. मला रडू आलं, त्याचीही लाज वाटली.

२५ मार्च

काल निघताना नागुबाईंनी एकच विचारलं. "मग तुमच्या आईला बी लई तरास होत असंल की. त्यांना कोण बघून राहिलंय?"

पहाटेच्या गाडीनं मुरुडला निघाले आहे.