फडताळातल्या जिवांची व्यवस्था

श्री वीतरागाय नमः

मी राजमती भ्रतार पद्मण्णा वैरागकर, जात जैन, वय अदमासे पन्नास, धंदा घरकाम, राहणार शुक्रवार पेठ, सोलापूर, हे मृत्युपत्र कोणाच्या भिडेने वा धाकाने नव्हे, तर राजीखुशीने व स्वतःच्या अक्षरात लिहिते. डॉक्टरांनी हृदयाचे दुखणे सांगितले आहे. डोके ठिकाणावर आहे. मॅट्रिक झाले आहे, तेव्हा काय लिहिते ते मला कळते. वकिलांनी मसुदा करून दिला होता. तो चांगलाच होता, पण त्यात मागच्या खोलीतल्या जिवांचा उल्लेख 'इतर किरकोळ सामान' असा होता, म्हणून सगळे पुन्हा लिहावे लागले.

कलम १. राहते घर यजमानांनी स्वकमाईतून बांधून माझ्या नावे केले. त्यातल्या पुढच्या दोन खोल्या व माडी थोरले दीर तवनप्पा, ज्यांना सारे आण्णा म्हणतात, यांच्या मुलांना द्यावी. मागची खोली त्यांना नाही. यजमानांना जाऊन महिना झाला नव्हता, तोच आण्णा म्हणाले होते, "राजमती, त्या नळ्या उकळत्या पाण्यात घाल नि खोली मोकळी कर. तेलगिरणीचे डबे ठेवायला जागा नाही." ते वाईट मनाने बोलले नाहीत. पण बोलले.

कलम २. त्या खोलीत काय आहे ते लिहिले पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्यास मी भ्रमिष्ट वाटेन. यजमान बंगळूरला जीवरसायन शिकले. जंतू काय खातो, काय टाकतो आणि काय साठवतो, एवढाच त्यांचा जन्मभराचा प्रश्न. सासरे वारल्यावर सोलापुरास परत यावे लागले. हायस्कुलात सायन्स शिकवू लागले आणि प्रश्न मागच्या खोलीत चालू ठेवला. एका आषाढात परसातल्या कडुनिंबाच्या खोडातून पांढरा पाझर सुटला. गल्लीतल्या बायका हळदकुंकू घेऊन आल्या. हे काचेची नळी घेऊन गेले. त्या पाझरात त्यांना एक यीस्ट सापडले. सूक्ष्मदर्शकातून मला दाखवले: प्रत्येक जिवाच्या पोटात तेलाचा एक चकचकीत थेंब.

डाळीचे पाणी आणि गूळ दोन्ही दिले की हे जीव वाढतात, एकाचे दहा होतात. डाळीचे पाणी बंद करून नुसता गूळ ठेवला की वाढ थांबते आणि ते तेल साठवू लागतात. हे का होते, ते शोधण्यात यजमानांची पुढची सगळी वर्षे गेली. मला म्हणाले, "दुष्काळाची चाहूल लागल्यासारखे वागतात बघ."

मी म्हटले, "मग आपल्या जिल्ह्यातलेच आहेत."

ते हसले. मग मी विचारले, "तेल बाहेर कसे काढता?"

"उकळून."

"म्हणजे मारून."

"होय," म्हणाले. सारवासारव केली नाही.

आमच्याकडे पाणी गाळून पितात, दिवस मावळल्यावर चूल पेटत नाही. मी भांडले नाही. मागच्या खोलीत उकळणे असेल त्या दिवशी तेलाचा त्याग, असा नेम देवळात जाऊन घेतला आणि कोणास सांगितले नाही. यजमानांना ते दोन वर्षांनी कळले, तेही जाऊबाईंनी टोमणा मारला म्हणून. पुढच्या खेपेस पाटावर बसले नि माझ्या ताटाकडे बोट दाखवून म्हणाले, "मलाही तेच वाढ." त्यांनी काम सोडले नाही, मी नेम सोडला नाही. आण्णा जेवायला आले की म्हणत, "आत तेलाचा शोध आणि पानात कोरडी चटणी! पद्मण्णा, माझी गिरणी दिवसाला पिंपे भरते, तुझे जंतू वर्षाला पळीभर देतात."

कलम ३. ते पळीपळीचे साठलेले तेल देवघराखालच्या कपाटात, काचेच्या बुचाच्या बाटलीत आहे. ती बाटली आण्णांना द्यावी. तेल देवळातल्या दिव्यात घालू नये, खाऊ नये. गिरणीत गादीशेजारी ठेवावे आणि कोणी विचारल्यास 'माझ्या धाकट्या भावाने केले' असे सांगावे. यजमानांचा लेख परदेशच्या मासिकात छापून आला तेव्हा न वाचताच आण्णांनी पेठेत पेढे वाटले होते, हेही मी विसरलेले नाही.

कलम ४. आता नळ्या. नळीत चायना ग्रासची, म्हणजे समुद्रातल्या शेवाळाची, खळ असते. पूर्वी हाडांची जेली वापरत, ती मी घरात येऊ दिली नाही. खळ वाळत आली की जीव नव्या नळीत न्यावे लागतात, नाहीतर मरतात. यजमान गेल्यापासून तीन वर्षे हे मी करते. माझ्या मागे कोण करणार, हा घोर लागून राहिला, म्हणून प्रथम पांजरपोळात गेले. तिथले कारकून धोंडीराम यांनी सगळे नीट ऐकून घेतले.

"चारा काय लागतो, बाई?"

"गूळ."

"आन् जागा?"

"एक फडताळ पुरे."

"मग गाईपरीस सोपं की! पर आमच्या वहीत गाय, म्हस, शेळी आन् पाखरू, एवढंच हाय. ह्ये न दिसणारं जनावर कुठं लिवू?"

तरी ते ठेवून घ्यायला तयार झाले. मी निश्चिंत होऊन घरी आले, तो शेजारच्या कल्लप्पांची मुलगी दाक्षायणी पायरीवर बसलेली. ही यजमानांची विद्यार्थिनी, आता बी.एस्सी. झाली आहे. म्हणाली, "काकू, मला द्या त्या नळ्या. पण खोटं बोलणार नाही. सर जिथवर पोचले त्याच्या पुढं जायचं, तर मला उकळावंच लागेल."

"एवढं तोंडावर सांगतेस? तुझ्यापेक्षा धोंडीराम बरा."

"त्यांना नळी बदलता येते का?"

"नाही."

"मग तिथं ते न उकळता मरतील, काकू."

सबब सर्व नळ्या, सूक्ष्मदर्शक, यजमानांची पुस्तके व मागची खोली दाक्षायणीस द्यावी. खोली तिला दुसरी जागा मिळेपर्यंत. अट एकच, ती अशी: (येथील दीड ओळ मी स्वतः खोडली आहे. रा. प. वै.)

खोडलेल्या ओळीत 'कधीही उकळू नये' असे होते. ते लिहिले त्याच दिवशी नळ्या बदलायच्या होत्या. जीव उचलायची तार दर वेळी स्पिरिटच्या दिव्यावर लाल करावी लागते आणि तिला चिकटलेले जळतात. मी तीन वर्षे ते करते आणि संध्याकाळी सामायिकात, ध्यानाला बसले की, क्षमा मागते. ती तार हातात असताना दुसरीचा हात कसा बांधू? यजमानांनी माझा नेम मोडायला कधी सांगितले नाही, आणि मी त्यांना काम थांबवायला.

म्हणून आता एवढेच: एक नळी अशी ठेवावी, की जिच्यातून तेल कधी काढायचे नाही, तिच्यापासून पुढची वंशवेल चालवावी. बाकीच्यांचे दाक्षायणीने तिच्या विद्येप्रमाणे करावे.

नेमाबद्दल मी तिला काही सांगितलेले नाही. नेम दुसऱ्याच्या माथी मारता येत नाही. परवा तिने मागच्या खोलीत पहिल्यांदा उकळले. दुपारी माझ्याकडेच जेवली. मी तिच्या चटणीवर तेल घालू गेले, तर तिने हात आडवा धरला. मी का म्हणून विचारले नाही.

कलम ५. पोस्टातील शिल्लक अर्धी देवळास, अर्धी गूळ, स्पिरिट व चायना ग्रास यांकरिता. बांगड्या जाऊबाईंना, टोमण्याबद्दल मनात काही नाही. जुनी लुगडी धुऊनच वाटावी.

कलम ६. माझ्या मागे रडारड व जेवणावळ नको. घरच्यांनी रीतीप्रमाणे सुतक पाळावे, देवाला शिवू नये. पण नळ्या बदलण्याचा दिवस त्यात आला, तर दाक्षायणीला मागच्या दाराने आत येऊ द्यावे, आणि आण्णांनी तिला अडवू नये. त्या जिवांना सुतक नाही. त्यांना भूक आहे.

वरील मजकूर, खोडलेली ओळ धरून, माझा आहे. जिला मिळायचे तिने साक्ष घालू नये असे वकील म्हणाले, म्हणून दाक्षायणीची सही नाही. सह्या झाल्या तेव्हा ती मागच्या खोलीत गूळ विरघळवत होती.

सही: राजमती भ्रतार पद्मण्णा वैरागकर

साक्षीदार, आमच्या समक्ष सही केली:
१. भरमप्पा जिनप्पा उपाध्ये, पुजारी
२. धोंडीराम तात्याबा माने, कारकून, पांजरपोळ

मुक्काम सोलापूर, श्रावण मास, वीर संवत २४६४, तारीख १ ऑगस्ट १९३८