फुकट्या मोहरा

४ जून

आलो एकदाचे! आई, मी, दोन ट्रंका आणि तिचं शिवणाचं मशीन. मास्तरांनी पत्रात लिहिलं होतं त्याहून घर बरंच मोठं निघालं. मागच्या अंगाला आम्हाला दोन खोल्या दिल्या आहेत. सकाळचं ऊन थेट आईच्या पलंगावर येतं. तिच्या खोकल्याला ते मानवेल.

मास्तर सत्तरीचे, काटकुळे, बोलायला गोड. बुद्धिबळाची कोडी रचण्यात उभं आयुष्य घातलेला माणूस. शंभर कोड्यांचं पुस्तक काढायचं आहे, ती तपासायला मला ठेवलं आहे. पटावर मोहरे मांडलेले असतात, पांढऱ्याने दोन चालींत मात करायची. पण वाट एकच हवी, दुसरी सापडली की कोडं बाद. दुसऱ्याच्या चुका काढत बसायचं आणि वर राहायला घर, मला आणखी काय हवं? आई म्हणाली, बारा वर्षं कचेरीत कागदी घोडे नाचवलेस, आता लाकडी नाचव.

बागेत माळी भेटला. डाव्या पायाने जरा लंगडतो आणि बोलायला लागला की थांबत नाही. आईला त्याने गुलाबाची एक फांदी डब्यात लावून दिली.

६ जून

कामाची पद्धत कळली. मास्तरांचा खरा राग दुसऱ्या वाटेवर नाही, फुकट्यावर आहे. पटावर नुसता उभा राहून काहीच काम न करणारा मोहरा म्हणजे फुकट्या. एकेक मोहरा उचलून बाजूला ठेवायचा, कोडं पुन्हा सोडवायचं. तरीही मात बसली तर तो फुकट्या, तसं चिठ्ठीवर लिहून द्यायचं. मग मास्तर त्याला पेटीत टाकतात.

खिडकीपाशी मोठा पट कायम मांडलेला असतो. ते शंभरावं कोडं. त्यातल्या मोहऱ्यांना मास्तरांनी गंमत म्हणून घरातली माणसं ठरवली आहेत. राजा ते स्वतः. डावीकडच्या कडेचं प्यादं माळी. आम्ही आल्यावर एक घोडा आणि एक प्यादं वाढवलं म्हणाले, घोडा मी आणि प्यादं आई. आईला सांगितलं तर ती म्हणाली, मेल्यांनो, या वयात हत्ती तरी करायचं मला.

९ जून

शंभराव्या कोड्यात फुकट्या सापडला! कडेचं प्यादं. तीन वेळा पडताळून पाहिलं, ते नसलं तरी मात बसते. मास्तरांनी पाठ थोपटली. इतकी वर्षं त्यांच्या नजरेतून सुटलेली गोष्ट मी पाच दिवसांत काढली. खोटं कशाला बोलू, दिवसभर हवेत होतो.

११ जून

बागेत गवत माजलंय. एखादा माळी ठेवा, असं मास्तरांना सुचवलं. ते हसले, म्हणाले, आजवर कधी गरज पडली नाही. आईच्या खिडकीत डब्यात गुलाबाची फांदी आहे, तिला पालवी फुटलीय. कुठून आणली ते तिलाच आठवत नाही. म्हातारी विसरभोळी होत चालली.

१४ जून

ही वही चाळत होतो. पहिल्याच पानावर माझ्या अक्षरात माळी आहे. लंगडणारा, बोलका. मला असा कुणी आठवत नाही. चेहरा नाही, आवाज नाही, काहीच नाही. आईला विचारलं. ती म्हणाली, कुठला माळी रे?

अक्षर माझंच आहे. मी गंमत म्हणूनही खोटं लिहीत नाही.

नऊ तारखेचं पान पुन्हा वाचलं. कडेचं प्यादं मी काढलं.

१५ जून

मास्तर आंघोळीला गेले होते. आई पलीकडच्या खोलीत मशीन चालवत होती, मधूनमधून खोकत होती. मी तिचं प्यादं उचललं.

मशीन थांबलं. खोकला थांबला. आणि त्याहून वाईट म्हणजे, मी इथे का उभा आहे तेच मला कळेना. हातात प्यादं होतं, पटावर एक घर रिकामं दिसत होतं, म्हणून तिथे ठेवून दिलं. मशीन लगेच सुरू झालं. आई आतून म्हणाली, दोरा तुटला बघ मेला.

तिच्या पायाशी जाऊन बसलो. मला रडू आलं. तिने कपाळाला हात लावून पाहिला.

१६ जून

निघून जातो म्हणून मास्तरांना सांगितलं. जा की, म्हणाले. पट इथेच राहील.

प्यादं घेऊन पळावं, तर उचललं की ती नाही. तसंच ठेवून जावं, तर मास्तर एकटे पटापाशी. ट्रंका पुन्हा उघडल्या.

१७ जून

मास्तरांनी एक उंट सरकवून शंभराव्या कोड्याची मांडणी बदलली आणि मला खुर्ची दिली.

"दोघांपैकी एक फुकट्या आहे," ते म्हणाले. "तुझा घोडा, नाहीतर तिचं प्यादं. कोण, ते उद्या लिहून दे."

कुणीच नाही असं लिहिलं तर? दोघांनाही पेटीत टाकीन, म्हणाले. रागावले नव्हते. निकाल बरोबर आला तर त्यांना आनंदच होणार होता.

मी मोहरे उचलले नाहीत. सगळं डोक्यात सोडवलं, वीस वेळा. प्यादं काळ्या राजाची पळवाट अडवतं, त्याच्याशिवाय मात नाही. घोडा काहीच करत नाही. नुसता उभा आहे.

१८ जून, सकाळ

आईने माझ्या सदऱ्याची गुंडी लावून दिली. दोरा दाताने तोडला. चेहरा का असा उतरलाय, म्हणाली, काम जमत नसेल तर सोड, मी शिवणावर दोघांचं भागवीन.

तिला पटापाशी घेऊन यावं, सगळं सांगावं, असं मनात आलं. सांगितलं असतं तर तिने काय केलं असतं ते मला ठाऊक आहे. म्हणूनच सांगितलं नाही. ती म्हणाली असती, मला टाक. मग मला ते तिच्या तोंडावर लिहावं—

दुपार

चिठ्ठी दिली. प्यादं, असं लिहिलं.

खोटा निकाल. आयुष्यातला पहिला. मी भ्यालो. दुसरं काही कारण नाही. पलीकडे मशीन चालू आहे, मास्तर उठले, पटाकडे

१९ जून

आज मोकळं वाटतंय. एकट्याला दोन खोल्या जरा जास्तच होतात. पलीकडच्या खोलीत एक जुनं शिवणाचं मशीन पडलंय, अडगळ.

मास्तर मात्र भडकले. माझा कालचा निकाल चुकला म्हणे. प्यादं काढल्यापासून काळा राजा सुटतोय. शेवटी त्यांनी घोडा उचलला आणि प्याद्याच्या रिकाम्या घरात ठेवला. वाट बुजली. मधला वेळ काही मला आठवत नाही. चहा समोर वाफाळत होता, मग एकदम गार झालेला, वर साय.

२० जून

सदऱ्याची एक गुंडी वेगळ्या दोऱ्याने लावलीय. मला शिवता येत नाही. म्हणून वही उघडली.

आई. प्रत्येक पानावर आई.

चेहरा आठवत नाही. आवाज नाही. वाचतो तेवढंच. खोकायची. हत्ती करा म्हणायची. दोघांचं भागवीन म्हणाली. आणि मी— माझ्याच अक्षरात— प्यादं.

पान मिटलं की विसरतो. आता दोनदा झालं. वही उघडी ठेवून पटापाशी बसलोय. लिहिणं थांबवायचं नाही. थांबलो की पुन्हा फक्त मशीन, अडगळ.

पेटी उघडी आहे. प्यादं मिळालं. गुळगुळीत, हलकं.

मास्तर दारात उभे आहेत. अडवत नाहीत. बघतायत.

तिचं घर तेच, तिथे ती कामाची आहे. पण तिथे आता घोडा उभा. एका घरात दोघं मावत नाहीत. आधी घोडा काढायचा, मग प्यादं. निकाल मुळात हाच होता. घोडा फुकट्या. तो काढायचा, ती ठेवायची. एवढंच. हे मी अठरा तारखेलाच लिहायला हवं होतं.

उजव्या हातात पेन. डाव्या हातात प्यादं, दोन बोटांत. उरलेल्या बोटांनी घोडा. चपळाईने. उचलायचा आणि त्याच क्षणी ठेवायचं.

आई, आलो. धरला. उचल